बोट बघावी पाठीमागून

मंडळाची उन्हाळी पिकनिक तळ्याकाठी असली की दरवर्षी एक प्रसंग हमखास घडतो. बटाटेवडे संपत आलेले असतात, एका टेबलावर पत्त्यांचा डाव रंगलेला असतो, आणि बराच वेळ पाण्याकडे बघत बसलेला एखादा गृहस्थ हळूच शेजारी सरकून विचारतो, “काय हो, अशी एक बोट घ्यायची म्हटलं तर केवढ्याला पडते?”

अशी बोट म्हणजे ॲल्युमिनियमची, सोळा-सतरा फुटी, मागे आउटबोर्ड मोटार लावलेली, मासे पकडायला जायची बोट. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या भागांत दर तीन-चार घरांआड ड्राइव्हवेमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली ती दिसते. आपल्यातही आता बऱ्याच जणांकडे आहे. कोकणातून आलेल्यांना पाण्याची ओढ असते आणि देशावरून आलेल्यांना मुलांच्या हट्टापुढे मान तुकवावी लागते. कारण काही असो, प्रश्न विचारणाऱ्याला मी किंमत सांगत नाही. मी म्हणतो, बोट बघायला जाल तेव्हा आधी मागच्या बाजूला जाऊन उभे राहा. पुढून सगळ्याच बोटी छान दिसतात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. 1996 साली मी पहिली बोट घेतली ती सेकंडहँड, 1984 सालची, सोळा फुटी. रंग झकास होता, सीटा नव्याने मढवलेल्या होत्या, खाली गालिचा नवा होता. विकणारा म्हणाला, “ॲल्युमिनियम कधी सडत नाही.” ते खरेच होते. पण बोटीत ॲल्युमिनियमशिवाय आणखी काय काय असते, हे मी विचारले नाही.

1998 च्या उन्हाळ्यात माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांचे आजोळ मालवणचे. स्वतः ते शाळामास्तर, पण लहानपणच्या सगळ्या सुट्ट्या होड्यांच्या आसपास गेलेल्या. गराजमध्ये त्यांनी बोटीभोवती एक चक्कर मारली, मागच्या पाटावर बोटांच्या पेरांनी टकटक केले, दुसऱ्या ठिकाणी केले, पुन्हा पहिल्या ठिकाणी केले आणि म्हणाले, “आवाज नाय रे येणा. ह्या लाकूड कुसलेला हा.”

मी इंजिनियर. म्हटलं, “अण्णा, ही ॲल्युमिनियमची आहे, लाकडाची नाही.” ते गप्प बसले.

पुढच्याच आठवड्यात आम्ही मिल लॅक्सवर गेलो. अण्णा, मी आणि दोन्ही मुले. दुपारी वारा सुटला. परतीच्या वाटेवर लाटा समोरून यायला लागल्या तेव्हा माझ्या लक्षात आले की मोटार बोटीबरोबर हलत नाही. बोट वर जाते, मोटार अर्धा क्षण मागे राहते, मग धाडकन जागेवर येते. मागची भिंत वाकत होती. एकेका लाटेबरोबर मागून पाणी आत येत होते. मी वेग अगदी कमी केला. धाकटी बादलीने पाणी उपसत होती, अण्णा तिला आजोळच्या गोष्टी सांगत होते. दीड मैल यायला आम्हाला पाऊण तास लागला. आम्ही किनाऱ्याला लागलो, पण माझे पाय बराच वेळ थरथरत होते.

नंतर दुरुस्तीवाल्याने मागचा ॲल्युमिनियमचा पत्रा उचकटला. आतले प्लायवूड चहाच्या चोथ्यासारखे ओले, काळे आणि भुगा झालेले होते. चाळीस हॉर्सपॉवरची मोटार त्या चोथ्याला धरून होती.

त्यानंतर मी वाचले, विचारले, बोटी उलट्यापालट्या करून बघितल्या आणि दुसरी बोट घ्यायला दोन वर्षे लावली. त्यातून जे कळले ते पुढे लिहितो आहे.

ॲल्युमिनियमच का?

मुख्य कारण वजन. त्याच आकाराच्या फायबरग्लासच्या बोटीपेक्षा ॲल्युमिनियमची बोट पुष्कळ हलकी असते. त्यामुळे ती ओढायला मोठा ट्रक लागत नाही, मोटारही लहान चालते. दगडावर घासली तर पोचा पडतो, भोक सहसा पडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने बांधणाऱ्या ग्रमन कंपनीने ॲल्युमिनियमच्या कनू काढल्या. 1948 मध्ये मिनेसोटातल्या न्यूयॉर्क मिल्स या लहानशा गावी हॉवर्ड लुंड यांनी बदकांच्या शिकारीसाठी ॲल्युमिनियमची बोट बांधली आणि त्यातून मोठा कारखाना उभा राहिला. पत्रा कापायचा, वाकवायचा, रिव्हेट मारायचे ही विमानाचीच विद्या पाण्यावर आली.

धातू मात्र आपल्या ओळखीचा आहे. आईच्या स्वयंपाकघरातली हिंडालियमची कढई आठवते? ती शुद्ध ॲल्युमिनियमची नसते, त्यात मॅग्नेशियम वगैरे मिसळलेले असते. बोटीच्या पत्र्याचेही तसेच. बहुतेक कारखाने 5052 नावाचा मिश्रधातू वापरतात, त्यात सुमारे अडीच टक्के मॅग्नेशियम असते. तो वाकवायला सोपा आणि गंजाला चिवट. ऑरेगन, वॉशिंग्टन, अलास्काकडे समुद्रात आणि खडकाळ नद्यांत चालवायच्या जाड, वेल्ड केलेल्या बोटी असतात, त्यांत 5083 किंवा 5086 वापरतात. आतल्या बरगड्या आणि आधाराच्या पट्ट्या पुष्कळदा 6061 च्या असतात. विक्रेत्याला धातूचा नंबर जरूर विचारावा. नंबर सांगता आला नाही तर त्याला माल माहीत नाही एवढे तरी कळते.

आधी पाणी ठरवा, मग बोट

आपण गाडी घेताना जसे “चांगली गाडी कोणती?” असे विचारतो तसे बोटीच्या बाबतीत विचारून चालत नाही. कुठल्या पाण्यासाठी, हे आधी सांगावे लागते.

घरामागच्या तळ्यात, झाडांच्या आडोशाला, संध्याकाळी दोन तास गळ टाकून बसायचे असेल तर सपाट तळाची जॉन बोट उत्तम. स्वस्त, हलकी, उथळ पाण्यात जाणारी. उभे राहिले तरी फारशी डुलत नाही. दक्षिणेकडच्या नद्यांत आणि दलदलीच्या पाण्यात तीच चालते. पण तीच बोट लाटांत नेली की प्रत्येक लाट खालून लाथ मारल्यासारखी लागते, आणि तिच्या कडा बुटक्या असल्याने पाणी आत यायला वेळ लागत नाही.

मोठ्या पाण्याला व्ही आकाराचा तळ हवा. हा तळ मागच्या टोकाशी आडव्या रेषेपासून किती अंशांनी वर चढतो, त्याला डेडराइज म्हणतात. जॉन बोटीला तो जवळजवळ शून्य असतो, मध्यम बोटींना दहा-बारा अंशांच्या आसपास, आणि मोठ्या तलावांसाठीच्या बोटींना अठरा-वीसपर्यंत जातो. डेडराइज जास्त तेवढी बोट लाट कापत जाते, कंबर वाचते. पण बदल्यात ती थांबली असताना जास्त डुलते, थोडे खोल पाणी मागते आणि मोटारही जास्त शक्तीची लागते. दोन्ही सुखे एका बोटीत मिळत नाहीत.

इथे एक फसगत होते. “मोठे तळे म्हणजे खोल, खोल म्हणजे धोक्याचे” असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मोठे आणि उथळ पाणी जास्त त्रास देते. मिल लॅक्स एक लाख बत्तीस हजार एकर पसरलेले आहे आणि सगळ्यात खोल जागी ते चाळीस-बेचाळीस फूट आहे. डिट्रॉइटजवळचे लेक सेंट क्लेअर तर सरासरी अकरा फूटच खोल. वाऱ्याला धावायला मैलोन्‌मैल मोकळे पाणी मिळते आणि तळ जवळ असल्याने लाटा उभट, एकीला एक लागून येतात. लेक ईरीच्या पश्चिम भागाचीही हीच कथा. अशा पाण्यात चौदा फुटी बोटीने जाऊ नये. सोळा ही माझ्या मते कमीत कमी, सतरा-अठरा बरी.

लांबीच्या बरोबरीने दोन गोष्टी बघाव्यात. एक, रुंदी. त्यातही वरची रुंदी जाहिरातीत असते, पण बोट स्थिर ठेवते ती तळाची रुंदी. टेप घेऊन जा आणि दोन्ही मोजा. दुसरी, काठाची उंची. बोटीत उभे राहा, कड गुडघ्याच्या किती वर येते ते पाहा. लहान मुले नेणार असाल तर काठ उंच हवा. पुढची नाळ वरच्या बाजूला बाहेर फाकलेली असली तर उडालेले पाणी बाहेर फेकले जाते. ती सरळ उभी असेल तर तेच पाणी तुमच्या मांडीवर.

पत्रा किती जाड?

कॅटलॉगमध्ये तळाची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात दिलेली असते. सोळा-सतरा फुटी बोटींना साधारण 0.080 ते 0.100, काहींना 0.125. बाजू त्याहून पातळ, 0.063 च्या आसपास चालतात. 0.080 आणि 0.100 मधला फरक अर्धा मिलिमीटर आहे. “अर्ध्या मिलिमीटरने काय होतं?” असे मीही म्हणालो होतो. पण पत्र्याची वाकण्याला विरोध करायची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जाडी सव्वापट झाली की ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो.

मात्र नुसत्या जाडीवर भुलू नका. जाड पत्र्याला खाली दूर दूर बरगड्या दिल्या, तर पातळ पत्र्याला जवळ जवळ बरगड्या दिलेली बोट जास्त भक्कम ठरू शकते. जमिनीखाली काय आहे हे बघायला मागच्या बाजूला बहुधा एक झाकण असते. ते उघडा, टॉर्च मारा. लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पट्ट्या मागच्या भिंतीपर्यंत पोचून तिला जोडलेल्या आहेत का? आडव्या बरगड्या दोन्ही बाजूंच्या वाकापर्यंत गेल्या आहेत का? की मधेच संपल्या आहेत? मग बाहेर येऊन तळाशी दोन बरगड्यांच्या मधोमध तळहाताने जोरात दाबा. डब्याच्या झाकणासारखे “टक्‌ टक्‌” झाले तर लाटेतही तेच होणार, दिवसात हजार वेळा.

रिव्हेट की वेल्ड?

यावर पिकनिकमध्ये राजकारणासारखे वाद होतात. माझे मत असे की चांगले रिव्हेट वाईट वेल्डपेक्षा चांगले आणि चांगले वेल्ड वाईट रिव्हेटपेक्षा. कारागिरी बघायची, पंथ नाही.

रिव्हेटच्या बोटीत जोड थोडासा लवचीक राहतो आणि पत्र्याला उष्णता लागत नाही, म्हणून त्याची मूळ ताकद टिकते. पण वर्षानुवर्षे आपटून रिव्हेट सैल होतात आणि थेंब थेंब पाणी झिरपायला लागते. भरीव रिव्हेट हवेत, दोन्ही बाजूंनी ठोकलेले. पोकळ पॉप रिव्हेट सीटा आणि पेट्यांना ठीक, पाण्याखाली नकोत. कीलच्या आणि मागच्या भिंतीच्या जोडावर रिव्हेटच्या दोन ओळी असतील तर उत्तम. जुन्या बोटीत एकेका रिव्हेटभोवती बघा. काळपट राखाडी डाग किंवा ओघळ दिसला तर तो रिव्हेट हलतो आहे, घासून धातूची पूड निघते आहे. विमानाचे मेकॅनिकही हीच खूण बघतात. चार-सहा सैल रिव्हेट पुन्हा ठोकता येतात. आतून एकाने जड लोखंड धरायचे, बाहेरून दुसऱ्याने हातोडा मारायचा. नवरा-बायकोने एकत्र करायच्या कामांत हे धरू नये, असे आमच्या घरचे मत आहे. पण एका बाजूचे पंधरा-वीस रिव्हेट काळे दिसले तर ती बोट सोडून द्या.

वेल्डच्या बोटीत गळती कमी आणि तळ गुळगुळीत. पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा पत्रा मऊ पडतो. 6061 च्या पट्टीची ताकद तर वेल्डजवळ बरीच घटते. म्हणून तडा वेल्डमध्ये कमी आणि वेल्डच्या शेजारी किंवा वेल्ड जिथे संपतो तिथे जास्त जातो. चांगला वेल्ड एकमेकांवर सरकवून ठेवलेल्या नाण्यांच्या ओळीसारखा दिसतो, सगळीकडे सारख्या रुंदीचा. मधेच जाड, मधेच बारीक, भोके, काजळी, किंवा घासून वरून पुट्टी भरलेली दिसली तर घाईचे काम समजावे. केसासारखी रेघ दिसली तर नखाने ओरखडून बघा. रंगाची असेल तर निघते, तड्याची असेल तर नख अडकते.

ट्रान्सम: सगळी मदार इथे

मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम. तिच्यावर दोन-तीनशे पौंडांची मोटार टांगलेली असते, आणि बोट पुढे ढकलणारा सगळा जोर तिच्यातूनच जातो. खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर ट्रेलरवरून जाताना धक्केही तीच खाते. बहुतेक बोटींत दोन पत्र्यांच्या मधे प्लायवूड असते. काही कारखाने आता लाकडाऐवजी न सडणारे कंपोझिट घालतात. नवी बोट घेताना आत काय आहे ते विचारा.

लाकूड असले म्हणून बोट वाईट नव्हे. ते भिजले तर वाईट. पाणी शिरते ते स्क्रूच्या भोकांतून. कोणीतरी फिश फाइंडरचा सेन्सर लावतो, पुढचा मालक तो काढून भलतीकडे लावतो, जुनी भोके तशीच राहतात. तळाची बुचाची नळी सैल झाली तर तिथूनही पाणी लाकडात जाते. जुनी बोट बघताना या चार गोष्टी कराव्यात:

मोटार थोडी वर उचललेली असताना तिचे खालचे टोक दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाबा आणि दुसऱ्या कुणाला ट्रान्समकडे बघायला सांगा. मोटारीबरोबर सगळी बोट हलली तर ठीक. ट्रान्सम एकटा वाकला तर विषय संपला.

हातोडीच्या लाकडी दांड्याने किंवा बोटांच्या पेरांनी सगळीकडे ठोका. खणखणीत आवाज यायला हवा. एका जागी तो मेलेला वाटला तर तिथे आत पाणी आहे. अण्णांची पद्धत हीच होती.

मोटारीच्या बोल्टखाली पत्रा आत दबलेला आहे का पाहा. आतल्या लाकडाने जागा सोडली की बोल्ट रुतत जातात.

एखादा लहान स्क्रू काढून बघायची परवानगी मागा. स्क्रूच्या आट्यांत ओला काळा भुगा आला तर काय समजायचे ते मी वर लिहिलेच आहे. परवानगी नाकारली तरी उत्तर मिळालेच म्हणायचे.

ट्रान्समची उंचीही मोजा. पंधरा, वीस आणि पंचवीस इंच असे ठरलेले माप असते आणि मोटारीच्या दांड्याची लांबी त्याला जुळावी लागते. मोठ्या पाण्यासाठी पंधरा इंची नको. अचानक वेग कमी केला की आपलीच मागची लाट आपल्यावर चढून येते, ती अडवायला उंची लागते.

ती छोटी पाटी वाचा

मोटारीच्या वीस फुटांखालच्या बोटीवर चालकाला दिसेल अशी एक पाटी असते. माणसे किती, एकूण वजन किती आणि जास्तीत जास्त हॉर्सपॉवर किती, हे तीन आकडे तिच्यावर असतात. जुन्या बोटीवरून पाटी निघून गेली असेल तर अंदाजाचे सूत्र असे: लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले पंधरा. सोळा फूट लांब आणि सहा फूट रुंद बोटीला सहा माणसे, प्रत्येकी दीडशे पौंडांची, आणि तेही शांत पाण्यात.

हा आकडा आपल्या लोकांना सगळ्यात अवघड जातो. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट आपणच काढली. “सरका थोडं, लहान मुलगा आहे, मावेल” हे आपल्या तोंडात बसलेले आहे. पिकनिकला एक बोट आणि बारा उत्साही माणसे असली की मालकाला नाही म्हणणे जड जाते. माझा नियम असा आहे की पाटीवर सहा असले तर मी चार नेतो. कोणी रागावले तर दुसरी फेरी मारतो.

मोटार पाटीवरच्या आकड्याहून मोठी कधीही लावू नये, विमा कंपनीही मान्य करत नाही. पण फार लहानही नको. पाटीवरच्या आकड्याच्या पाऊणपट तरी असावी, नाहीतर चार माणसे बसल्यावर बोट पाण्यावर चढतच नाही, नाक वर करून नांगरत राहते. आणखी एक. जुन्या बोटीवर नवी फोर-स्ट्रोक मोटार लावायची असेल तर तिचे वजन आधी बघा. त्याच शक्तीच्या जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा ती बऱ्याचदा जड असते आणि तो भार त्याच ट्रान्समवर येतो.

पाटीबरोबर मागच्या उजव्या कोपऱ्यावरचा बारा अक्षरांचा नंबरही वाचा. 1984 नंतरच्या बोटींत त्याच्या शेवटच्या चार अक्षरांत बांधणीचा महिना, वर्ष आणि मॉडेलचे साल दडलेले असते. महिना अक्षराने लिहितात, ए म्हणजे जानेवारी. विकणारा “पाचच वर्षांची आहे” म्हणत असेल तर तिथे खरे कळते.

जमिनीखालचा फोम

1978 नंतरच्या वीस फुटांखालच्या बहुतेक आउटबोर्ड बोटींना नियमच आहे की पाण्याने भरली तरी ती आडवी सपाट तरंगत राहिली पाहिजे, म्हणजे माणसांना धरून राहता येते. त्यासाठी जमिनीखाली आणि सीटांखाली फोम भरलेला असतो. तो वर्षानुवर्षे पाण्यात बसला तर पाणी शोषतो, मग तरंगवण्याऐवजी बुडवायला मदत करतो. ओळखायचे कसे? ट्रक तोलायच्या काट्यावर ट्रेलरसकट बोट न्या. कॅटलॉगमधले बोटीचे, मोटारीचे, ट्रेलरचे वजन आणि टाकीतले पेट्रोल (गॅलनला सुमारे सहा पौंड) यांची बेरीज करा. दोन-तीनशे पौंड जास्त भरले तर ते पाणी आहे, आणि ते काढायचे म्हणजे सगळी जमीन उपसायची.

गळती शोधायची सोपी युक्ती अशी. बोट ट्रेलरवर असताना बूच लावून आत होजने थोडे पाणी सोडा आणि खाली वाकून कुठे थेंब येतो ते बघत खडूने खुणा करा. फार भरू नका. पाणी गॅलनला आठ पौंडांहून जास्त भरते आणि ट्रेलर तेवढ्यासाठी बांधलेला नसतो.

गंज नाही, पण कीड आहे

ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही, पण तांब्याशी त्याचे वैर आहे. ओलाव्यात दोघे एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. तळाशी पडलेले एक सेंटचे नाणे काही मोसमांत पत्र्याला खड्डा पाडू शकते. ट्रेलरच्या लाकडी फळ्या बदलताना तांब्याची रसायने मुरवलेले ट्रीटेड लाकूड वापरू नका. 2004 पासून घरगुती वापराचे बहुतेक तसे लाकूड जास्त तांब्याचेच असते. तांब्याचा अंश असलेला रंगही तळाला चालत नाही.

न्यू जर्सी किंवा टेक्सासच्या खाऱ्या पाण्यात जाणाऱ्यांनी तर प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने बोट धुवावी. मोटारीवर जे बळीचे तुकडे, म्हणजे ॲनोड असतात, ते पाण्याप्रमाणे निवडावेत. खाऱ्याला झिंक किंवा ॲल्युमिनियमचे, गोड्याला मॅग्नेशियमचे. झिंकचा ॲनोड गोड्या पाण्यात काही काळाने निकामी होतो आणि वरून मात्र न झिजलेला, नव्यासारखा दिसतो. लोक त्यालाच चांगले लक्षण समजतात.

पैसे देण्यापूर्वी

पाण्यात चालवून बघितल्याशिवाय चेक फाडू नका. विक्रेता नाही म्हणाला तर दुसरा शोधा. बरोबर तुमची नेहमीची माणसे घ्या, एकट्याने चालवून काही कळत नाही. पूर्ण वेगात जा, दोन्ही बाजूंना वळा, स्वतःच्याच लाटेवरून आडवे जाऊन बघा, अचानक वेग कमी करून मागून पाणी येते का पाहा. मग मोटार बंद करा आणि सगळ्यांना एका बाजूला उभे करा. जाळ्यात मासा आला की घरात असेच होणार आहे. परत आल्यावर बूच काढा आणि किती पाणी निघते ते बघा. कपभर चालेल, बादलीभर नको.

किंमत ठरवताना बोट, मोटार आणि ट्रेलर असे तिन्ही धरा. तिन्हींचे कागद वेगवेगळे असू शकतात, ते विकणाऱ्याच्याच नावावर आहेत का हे पाहा.

आणि दोन गोष्टी ज्या बोटीबरोबर मिळत नाहीत. एक, प्रत्येकाच्या मापाचे लाइफ जॅकेट. कोस्ट गार्डचे अहवाल दरवर्षी हेच सांगतात की बोटींच्या अपघातांत बुडून मेलेल्यांपैकी दहांत आठांहून अधिक जणांच्या अंगावर जॅकेट नसते. मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलाला चालत्या बोटीत ते घालावेच लागते. मी म्हणतो मोठ्यांनीही घालावे, विशेषतः आपल्यातल्या पोहता न येणाऱ्यांनी. मे महिन्यात इथले पाणी इतके गार असते की पोहता येणाऱ्याचेही हातपाय लवकर चालेनासे होतात. दुसरी, मोटार बंद करणारी दोरी. 2021 च्या एप्रिलपासून केंद्राच्या अखत्यारीतल्या पाण्यात लहान बोटी वेगात चालवताना ती अंगाला लावणे सक्तीचे आहे. चालक पाण्यात पडला तर मोटार थांबते, बोट त्याच्यावर फिरून येत नाही.

माझी दुसरी बोट मी 2000 साली घेतली. सतरा फुटी, तळ 0.100, दुहेरी रिव्हेट, ट्रान्सम वीस इंची. ती आजही आहे, मोटार मात्र एकदा बदलली. घेण्यापूर्वी ट्रान्समवर टकटक करून मी फोन तिथे धरला आणि मालवणला अण्णांना ऐकवले. त्यांना काय ऐकू आले असेल देव जाणे, पण ते म्हणाले, “हां, आता बोलता.”

तेव्हा मंडळी, पुढच्या पिकनिकला मला किंमत विचारू नका. कुठल्या पाण्यात जायचे आहे आणि बरोबर कोण कोण येणार आहे, ते सांगा. बोट बघायला मी बरोबर येईन. हातोडी माझ्या गाडीत असतेच. वॉलाय मिळाला तर तो कोकम, आले-लसूण आणि तिखट लावून, तांदळाच्या पिठात घोळून तव्यावर परतायची जबाबदारी सौ. ने घेतली आहे. मासे साफ मात्र पकडणाऱ्यानेच करायचे.